राणीचा जाहीरनामा आणि मेंढरांची वाट

वकिलीची परीक्षा उतरून मी जुन्नरला बिऱ्हाड केलं, तेव्हा सुरुवातीला बरेच दिवस माझ्याकडे पक्षकार फिरकलेच नाहीत. सकाळी कोर्टात जाऊन दुसऱ्यांचे युक्तिवाद ऐकायचे आणि दुपारी वाचनालयात येऊन बसायचं, एवढाच उद्योग. वाचनालय म्हणजे पेठेतल्या एका कापडदुकानावरची माडी. दुकान एका मारवाडी जैन शेठजींचं. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण शेठजी जन्मले इथेच आणि रागावले तरी मराठीतच रागावत. माडी त्यांनी वाचनालयाला फुकट दिली होती. अट एकच, की वर बसून कुणी विडी ओढायची नाही. खाली कापड होतं.

या माडीवर वर्तमानपत्रांबरोबर सरकारी गॅझेटही यायचं. ते सहसा कुणी उघडत नसे. मीही एरवी उघडलं नसतं, पण त्या दुपारी वाचायचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. पानं उलटता उलटता आमच्याच तालुक्याचं नाव दिसलं आणि मी ताठ बसलो. तालुक्यातल्या बाजारगावांसाठी आरोग्य आणि सुव्यवस्थेचे नवे नियम करायचं घाटत होतं. त्याचा मसुदा छापला होता. कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यांनी लिहून द्यावी, प्रांतसाहेबांचा मुक्काम जुन्नरला पडेल तेव्हा सुनावणी होईल, असं खाली म्हटलं होतं.

नियम तीन होते. पहिला, साथीच्या रोगाचा संशय आला की अंमलदाराला कोणत्याही वेळी कोणत्याही घरात, कोणत्याही खोलीत शिरून तपास करता येईल. दुसरा, मेंढरांचे कळप गावाच्या हद्दीतून न्यायचे नाहीत आणि हद्दीजवळच्या शेतांत रात्री बसवायचेही नाहीत. तिसरा, भजन असो, मिरवणूक असो की सभा, लेखी परवाना असल्याशिवाय लोकांनी जमायचं नाही.

मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत इंग्लंडच्या राणीच्या जाहीरनाम्याचं मराठी भाषांतर टांगलेलं होतं. सत्तावनच्या बंडानंतर राणीने हिंदुस्थानच्या लोकांना दिलेली ती वचनं. रोज मी त्या चौकटीखाली बसत होतो, पण ती वाचायची म्हणून कधी वाचली नव्हती. आता उभा राहून वाचली. कुणाच्या धर्मात आणि पूजेत सरकार हात घालणार नाही. कायद्याचं संरक्षण सगळ्यांना सारखं मिळेल. आणि कायदे करताना या देशातले जुने हक्क, वहिवाटी आणि चालीरीती ध्यानात घेतल्या जातील.

कायदे करताना! म्हणजे कायदा झाल्यावर नव्हे, करतानाच. मी मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण कोपऱ्यात डुलकी घेणारे एक वृद्ध वकील दचकून जागे झाले. कोर्टात त्यांचा शब्द मोठा मानत.

“काय झालं हो?” त्यांनी विचारलं.

मी गॅझेट त्यांच्यापुढे धरलं आणि भिंतीकडे बोट केलं. “हा मसुदा त्या जाहीरनाम्याशी जुळतो का, एकेक नियम घेऊन तपासून बघायचा. जिथे जुळत नाही तिथे हरकत घ्यायची.”

ते हसले. “अहो, ते वचन आहे, कायदा नाही. त्याच्या जोरावर एकही कोर्ट एकही नियम रद्द करणार नाही. आणि वचन देणारी राणीही आता राहिली नाही.”

“राणी गेली, पण वचन राजगादीचं आहे ना? आणि कोर्टात कोण जातंय? नियम पक्का झाला की आपलं तोंड मिटलं. मसुदा आहे तोवरच बोलता येतं.”

ते चष्मा पुसत म्हणाले, “एवढी हौस असेल तर करा. पण वचन कुठे मोडतं ते नेमकं दाखवा. नुसती ओरड केलीत तर साहेब ऐकून घेईल आणि विसरून जाईल.”

मी घरी गेलो तो जवळजवळ पळतच. परीक्षेसाठी पाठ केलेली सगळी कलमं आता कुठे कामाला येणार, असं वाटत होतं. बायकोने ताट वाढलं, पण माझा घास हातातच राहिला आणि मी बोलत सुटलो. तिने सगळं ऐकून घेतलं. ती माहेरी शाळेत गेलेली होती. मी आणलेलं पुस्तक ती माझ्याआधी वाचून संपवत असे.

“अहो, पण पहिल्या नियमात चूक काय ते तुम्हांला कसं कळणार?” ती म्हणाली. “तुम्ही घरात असता कधी? उद्या सकाळी तुम्ही अंमलदार व्हा आणि आपल्याच घरात शिरून दाखवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्याला पागोटं घालून बाहेर उभा राहिलो आणि कडी वाजवली. “सरकारी अंमलदार! दार उघडा, तपास करायचाय!”

आतून आवाज आला, “मी न्हाणीत आहे.”

“मसुद्यात न्हाणीचा अपवाद नाही.”

“मग शिरा आत आणि या अंगावर पाणी घेऊन!”

रस्त्याने जाणारे दोघंतिघं थांबून बघायला लागले होते. थोड्या वेळाने ती केस पुसत बाहेर आली आणि मला शेजारच्या घराकडे घेऊन गेली. तिथली सून नुकतीच बाळंत झाली होती. “आता इथे तपास करा,” बायको म्हणाली. मी उंबऱ्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच त्या सुनेची सासू हातात पळी घेऊन आडवी आली.

“वकील असा नाहीतर कलेक्टर असा, बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलंत तर याद राखा!”

बायको हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसत होतो, पण मनात कलम तयार होत होतं. ज्या चालीरीती ध्यानात घ्यायचं वचन राणीने दिलं होतं, त्यांतली एक पळी घेऊन माझ्यासमोर उभी होती.

परत आल्यावर मात्र बायको एकदम गंभीर झाली. “एक सांगू? तपासच नको, असं लिहू नका. प्लेगात आपल्याच आळीत लोकांनी आजारी माणसं माळ्यावर लपवली होती, आणि त्यापायी शेजारची घरं ओस पडली. तपास करू देत. पण आधी सांगून, दिवसाउजेडी आणि बरोबर एखादी बाई घेऊन. आणि देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत घरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल नको.”

मी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. पुढे साहेबांपुढे गेलेल्या अर्जात तेवढा भाग मी एका अक्षरानेही बदलला नाही.

पेठेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. मी बाजारच्या दिवशी शेठजींच्या दुकानाच्या ओट्यावर उभा राहून आधी मसुदा वाचायचो, मग जाहीरनामा. लोक जोंधळ्याची पोती तशीच टाकून ऐकायला यायचे. “ते पुन्हा वाचा, सारखं संरक्षण म्हणालात ते,” असं कुणीतरी म्हणायचं आणि मी पुन्हा वाचायचो. त्या दिवसांत मला झोप कमी आणि भूक जास्त लागत होती. आपल्यावर जो नियम येणार आहे त्याला आपण आधीच प्रश्न विचारू शकतो, ही गोष्ट कळल्यावर माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते बघण्यासाठी मी घसा बसेपर्यंत वाचत असे.

शेठजी पहिल्या नियमावर भडकलेलेच होते. त्यांच्या घरात देरासर होतं, म्हणजे देवाची खोली. तिथे आंघोळ करून, धूतवस्त्र नेसूनच जायचं. बूट घातलेला अंमलदार तिथे शिरणार, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. अर्जावर पहिली सही त्यांची होती.

पण मी दुसऱ्या नियमाकडे वळलो आणि त्यांचा चेहरा बदलला.

“वकीलसाहेब, मेंढरांचं राहू द्या,” ते म्हणाले. “तो नियम चांगला आहे. कळप माझ्या दारावरून जातो तेव्हा दिवसभर धूळ बसते. पांढरं कापड गिऱ्हाइकाला दाखवायची सोय राहत नाही. खरं सांगू? तो नियम व्हावा म्हणून मीच वर कचेरीत सांगितलं होतं.”

मला हे नवीनच होतं. “शेठजी, पण वहिवाटीचं वचन त्यांनाही आहे. आणे गावाजवळच्या पठारावरचे धनगर दिवाळीनंतर खाली उतरतात ते याच वाटेने. नदीवर मेंढरं पाजतात आणि शेतात बसवतात. त्या लेंडीखतावर पिंपरी पेंढारपासून आंबेगावपर्यंतची शेतं पिकतात. पहिल्या नियमाला लावलेली कसोटी दुसऱ्याला लावायची नाही, असं कसं चालेल?”

“मग माझी सही खोडा,” असं म्हणून ते आत गेले.

सही मी खोडली नाही. त्यांनीही माडीला कुलूप लावलं नाही. पण ओट्यावर बसायला जी सतरंजी घालायचे ती त्यांनी काढून घेतली.

पुढच्या बाजारी आण्याहून एक धनगर आला. धिप्पाड माणूस, खांद्यावर घोंगडी, आणि आवाज असा की नदीपलीकडच्या मेंढराने मान वर करावी. नियमाची बातमी त्याला वाटेत लागली होती. तो थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“वकीलसायब, आमची वाट बंद व्हनार म्हनं? आमच्या आज्याच्या आज्यापास्नं वाट हाय ती. पेशव्याची घोडी आमच्या मागनं चालायची, मेंढराला मान देऊन!”

ओट्यावरचे लोक हसले. दुकानात बसलेल्या शेठजींनी बाहेर न बघताच म्हटलं, “पेशव्याची घोडी चालायची तेव्हा माझ्या दुकानात धूळ येत नव्हती.”

“तवा तुमचं दुकान न्हवतंच की, शेटजी!” धनगर वळून म्हणाला. “तुमचा आजा मारवाडातनं आला, तवा त्याला वाट कुनी दावली? आमच्याच आज्यानं. कळपाच्या मागनं चालत आला त्यो जुन्नरात. लई दमला व्हता, त्याला दूध पाजलं आमी.”

“कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पायजे? मला म्हाईतच हाय.”

खरं असण्याचा काडीचा संभव नव्हता. शेठजींनाही ते कळत होतं, पण त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यांनी गड्याला हाक मारली आणि त्या माणसाला पाणी द्यायला सांगितलं. एवढंच.

साहेबांचे तंबू गावाबाहेरच्या आमराईत लागले. सुनावणीच्या सकाळी आम्ही निघालो. मी, माझ्या पाठीमागे वृद्ध वकील, धनगर आणि त्याच्याबरोबरचे चारसहाजण, पेठेतले लोक. शेठजी येतील की नाही याची मला खात्री नव्हती. आम्ही तंबूपाशी पोचलो तर ते आधीच येऊन एका झाडाखाली बसले होते. डोक्याला नवी पगडी होती.

साहेब तरुण होता. त्याचं मराठी पुस्तकातलं, पण स्वच्छ. पहिलं वाक्य बोलताना मी दोनदा अडखळलो. पुढे मात्र सगळं सुरळीत झालं. मी एकेक नियम वाचायचो, मग जाहीरनाम्यातलं वचन सांगायचो, मग दोन्ही कुठे अडतात ते दाखवायचो. साहेब मध्येच थांबवून विचारायचा आणि मला उत्तर सापडायचं. वृद्ध वकील मागून हळूच म्हणत होते, “सावकाश, सावकाश.”

माझी धास्ती एकच होती, ती धनगराची. तो पेशव्याची घोडी काढणार आणि सगळं हसण्यावारी जाणार. साहेबाने त्याला पुढे बोलावलं.

“ही वाट तुमची किती जुनी आहे?”

धनगराने छाती भरून घेतली. मी डोळे मिटले.

“म्या जन्मल्यापास्नं हाय, सायब,” तो म्हणाला. “माझ्या बापानं तीच दावली. दुसरी वाट असती तर गेलो असतो. त्या अंगाला समदे कडे हायत, मेंढरू उतरत न्हाई. पानी फकस्त नदीला. वाट बंद झाली तर मेंढरं इकून टाकावी लागतील, मग आमी काय करावं ते तुमीच सांगा.”

एवढंच बोलून तो मागे सरला. पेशव्याच्या घोडीचं नावही निघालं नव्हतं.

साहेबाने कागद चाळले आणि शेठजींना बोलावलं. “तुमची पहिल्या नियमावर हरकत आहे. दुसरा नियम मात्र तुम्हांला हवा होता, असं इथे दिसतं.”

“होय, साहेब.”

“समजा, तुमच्या पूजेच्या खोलीला पहिल्या नियमातून मी सूट दिली आणि दुसरा नियम आहे तसा ठेवला. मग तुमचं काही म्हणणं राहील?”

शेठजींना जे हवं होतं ते दोन्ही त्यांच्यासमोर आयतं ठेवलं होतं, आणि सही खोडा म्हणून त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. ते पगडी चाचपत उभे राहिले. एकदा त्यांनी धनगराकडे पाहिलं.

“साहेब,” ते म्हणाले, “धुळीचा मला त्रास आहेच. तो मी नाकारत नाही. पण ते वचन मला एकट्याला दिलेलं नव्हतं. आज यांची वाट बंद करताना ते चाललं नाही, तर उद्या माझ्या देवाच्या दारात ते कशाच्या जोरावर चालेल? मेंढरांना वाट द्या. बाजारच्या दिवशी तेवढी पेठेतून नका आणू, नदीकडच्या अंगाने न्या. एवढं ऐकलं तरी मला पुष्कळ.”

“बाजारच्या दिशी आमी नदीकडनं जाऊ!” धनगर मागून ओरडला. “हे तर आमी कवाबी केलं असतं! कुनी इचारलंच न्हाई!”

साहेब हसला नाही, पण त्याने ते लिहून घेतलेलं मी पाहिलं. परत येताना शेठजी आणि धनगर पुढे चालले होते आणि त्यांचं धुळीवरून भांडण चालूच होतं. वृद्ध वकील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वचन कायदा नसतं हे मी अजूनही म्हणतो. पण आज ते कायद्यासारखं वागलं खरं.” मला आनंदाने उडी मारावीशी वाटत होती. वकिलाला ते शोभलं नसतं म्हणून मी नुसता भराभर चालत राहिलो आणि सगळ्यांच्या आधी पेठेत पोचलो.

पक्के नियम गॅझेटात आले ते पावसाळा लागायच्या सुमाराला. मी माडीवर ते उघडलं तेव्हा खाली दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी जिन्यावर उभा राहून वाचलं. तपास दिवसाउजेडी, आधी सांगून, बरोबर बाई घेऊन. देवघर आणि बाळंतिणीची खोली घरच्या माणसाला विचारून. अर्जातले शब्द जवळजवळ तसेच होते. मी घरी निरोप पाठवला, तर बायको शेजारच्या त्या पळीवाल्या सासूबाईंना घेऊन स्वतःच ऐकायला आली. मेंढरांची वाट राहिली, फक्त बाजारच्या दिवशी नदीच्या अंगाने. त्यावर एवढा गलका झाला की मला पुढचं वाचताच येईना.

पुढचं होतं ते तिसऱ्या नियमाचं. तो होता तसाच राहिला. परवान्याशिवाय जमायचं नाही, भजनालासुद्धा. भजन ही पूजाच आहे, तिच्यात सरकारने हात घालू नये, ही आमची हरकत वाचली असल्याचा तिथे उल्लेखही नव्हता. मी तो भाग दोनदा वाचला, मनातल्या मनात, मग मोठ्याने. दुकानातला गलका हळूहळू थांबला.

“म्हणजे वचन तिथं मोडलं?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“मोडलं,” मी म्हणालो.

शेठजी गादीवरून उठले. “मग परत लिहा,” ते म्हणाले. “नियम झाला म्हणून काय झालं? झालेला नियमही कधीतरी बदलतात.” त्यांनी गड्याला सांगून ओट्यावर सतरंजी घातली. आम्ही परत लिहिलं. त्यानंतर दोनदा लिहिलं. मी जुन्नरमध्ये होतो तोवर तो नियम काही बदलला नाही, हेही सांगायला हवं.

पण त्या पावसाळ्यात दुसरंच एक घडलं. एका सकाळी पिंपरी पेंढारहून पाचसहा शेतकरी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन माझ्या दारात आले. ओढ्याच्या बंधाऱ्याचं पाणी कसं वाटायचं, याच्या नव्या नियमाचा मसुदा त्यांच्या चावडीवर लागला होता. एकाने तो कागदावर नकलून आणला होता आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून भिजू दिला नव्हता.

“वकीलसायब,” तो म्हणाला, “ह्यो अजून पक्का झाल्याला न्हाई. झाला की आमाला मानावाच लागंल. तवा त्याच्या आधी तुमी रानीच्या कागदाशी लावून बघा. आमी बी बसतो संगं. कुठं अडतंय ते आमालाबी दाखवा.”

बायकोने त्यांना पाय धुवायला पाणी दिलं. मी माडीवर जाऊन चौकट भिंतीवरून काढली, काखेत धरली आणि पावसातून घरी आणली. आम्ही सगळे ओसरीवर गोल करून बसलो, आणि मी पहिलं कलम वाचायला लागलो.